सातवं बूच

श्रावण सरत आला की मला चिंचेचा वास सोसवत नाही. मुर्रीच्या आमच्या वसाहतीत श्रावण सरल्याचं तसं फार काही कळत नाही म्हणा. मागच्या बांध्यांमधलं धान गुडघ्याएवढं झालेलं असतं, गोंदियाकडून येणाऱ्या ऑटोंमध्ये हिंदी गाणी ओरडत असतात, कोपऱ्यावरच्या दुकानात मातीचे बैल मांडले जातात. एवढंच. पण पोळ्याच्या दोन दिवस आधी शेजारणी पितळेची भांडी अंगणात काढून बसतात, चिंच भिजवतात, आणि तो आंबूस वास भिंतीवरून आमच्याकडे येतो. मी खिडकी लावून घेते. ह्यांना वाटतं डासांमुळे. निदान त्यांना तसं वाटतं, अशी माझी समजूत होती.

आधी चिंच मीच भिजवायची. तेव्हा आम्ही सौंदडपासून आत, तलावाकाठच्या एका गावात राहत होतो. मी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि हे एका म्हशीची चाकरी करत होते. म्हैस म्हणजे गाडी. सहा चाकांचा ट्रक आणि त्याला नावेचं पोट. मागे चाकांच्या वर पाणी कापणारा पंखा. रस्त्यावर चालायची आणि तशीच सरळ पाण्यात उतरायची. कधीकाळी फौजेनं नद्या ओलांडायला वापरली, मग लिलावात काढली. कुणी एका कंत्राटदारानं ती तलावावर पर्यटकांना फिरवायला आणली. पर्यटक दोन हिवाळे आले, मग तेही आले नाहीत आणि कंत्राटदारही. गाडी काठावर उभी राहिली, गावातल्या म्हशी तिला अंग घासू लागल्या, म्हणून तिचंही नाव म्हैस पडलं.

तलावापलीकडे चाळीसेक घरांचा टोला होता. उन्हाळ्यात तिथं पायी जाता यायचं, पण आषाढात पाणी चढलं की वाट बुडायची ती दिवाळीपर्यंत. त्या चार महिन्यांत टोल्यावरचं माणूस आजारी पडलं तर डोंग्यातून आणायचं. डोंगा म्हणजे कोरलेलं खोड, त्यात दोन माणसं बसली की तिसऱ्यानं देवाचं नाव घ्यायचं. ग्रामपंचायतीच्या डोक्यात आलं की म्हैस दुरुस्त करून टोल्यासाठी चालवावी. दुरुस्त कोण करणार? आमचे हे. गोंदियाच्या राइस मिलमध्ये पट्टे, बेअरिंगं आणि पंप सांभाळण्यात ह्यांची अर्धी हयात गेली होती. सगळा तालुका ह्यांना मिस्त्री म्हणायचा. ह्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली झोपून पोट पाहिलं, बोटानं ठोकून पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "मास्तरीनबाई, म्हैस गाभण नाई, पन दूध देईल."

मी कपाळावर हात मारला. आता वाटतं, तेव्हाच हातपाय आपटायला हवे होते.

फौजेनं टाकून दिलेल्या गाडीचे सुटे भाग कुठं मिळणार? ह्यांनी राइस मिलच्या जुन्या पट्ट्यांचं रबर कापून दरवाजांना लावलं. पंख्याचा दांडा जिथून पोटाबाहेर जातो तिथं चरबीत भिजवलेली दोरी गुंडाळून ठोकली, मिलच्या पंपाला ठोकतात तशी. पत्र्याच्या सांध्यांचं काही केल्या जमेना. तेव्हा सोमाजी नावाच्या म्हाताऱ्या ढिवरानं, ज्यानं सगळा जन्म डोंगे कोरण्यात घालवला होता, ह्यांना राळ आणि जवसाचं तेल एकत्र शिजवायला शिकवलं. आमच्या चुलीवर ते रटरटायचं. आठ-आठ दिवस माझ्या वरणाला राळेचा वास. मी चिडले की हे म्हणायचे, "पानी कायले घाबरते मालूम हाय? वासाले." आणि स्वतःच हसायचे. मला राग यायचा आणि हसूही यायचं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग यायचा.

तिला पाण्यात उतरण्याजोगी ठेवणं म्हणजे एकदा दुरुस्त केलं आणि झालं असं नव्हतं. ते रोजचं होतं, म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालण्यासारखं. आज एक सांधा बुजवला की उद्या दुसरा पाझरायचा. पोटात शिरलेलं पाणी उपसायला पंप होता, पण तो पंख्याच्या दांड्यावर चालायचा. इंजीन बंद पडलं की पंखा बंद, पंखा बंद की पंप बंद. म्हणजे ज्या वेळी पंप सगळ्यात जास्त हवा, नेमका त्याच वेळी तो नाही. हे मला ह्यांनीच समजावलं होतं, जेवताना, बोटानं ताटात गाडी काढून.

आणि तिच्या पोटाखाली सात भोकं होती. जमिनीवर असताना ती उघडी ठेवायची, म्हणजे आत झिरपलेलं पाणी गळून जातं आणि पत्रा सडत नाही. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक भोकात एकेक पितळी बूच फिरवून बसवायचं. मुठीएवढी, आटे पाडलेली सात बुचं. काढली की ती एका पिशवीत आणि पिशवी स्टीअरिंगला टांगलेली, म्हणजे ती हातात घेतल्याशिवाय कुणाला गाडी हलवताच येऊ नये. बसवताना हे खाली चिखलात उताणे झोपून मोठ्यानं आकडा म्हणायचे आणि वर उभ्या असलेल्या माणसानं तोच आकडा परत म्हणायचा. खालून "एक", वरून "एक". सातापर्यंत. वर बहुतेक वेळा मीच असायची, शाळेत जाण्याच्या आधी, छत्री धरून. इतक्या वर्षांत एकदाही आकडा चुकला नाही. लग्नात म्हटलेल्या मंत्रांचं मला एक अक्षर आठवत नाही, पण त्या सात आकड्यांचा ह्यांचा आवाज लख्ख आठवतो.

पोळ्याचं वेड ह्यांचंच. वर्षभर राबणाऱ्या बैलाला पोळ्याला जुंपत नाहीत, मग हिला काऊन जुंपायचं, असं ह्यांचं म्हणणं. आदल्या संध्याकाळी गावात बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळले जायचे, तेव्हा हे पंख्याच्या दांड्याला नवं ग्रीस चोळायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं गाडीच्या नाकावर हात ठेवून म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." लोक खिदळायचे. "मिस्त्री, म्हशीचा पोळा असते का कुठं?" हे म्हणायचे, "जो वढते त्याचा पोळा." त्या संध्याकाळी बुचं घरी यायची. मी ती चिंचेनं घासायची, सकाळी पाटावर मांडून हळदकुंकू वाहायची, नैवेद्य दाखवायची. दिवसभर गाडी पोट उघडं टाकून काठावर निवांत उभी राहायची. दुसऱ्या सकाळी बुचं पिशवीत परत.

त्या वर्षी पावसानं आषाढापासून उसंत दिली नव्हती. पंप धापा टाकत होता. ह्यांनी आठवडाभर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दांड्याची दोरी बदलली आणि पोळ्याच्या चार दिवस आधी तापानं पडले. ताप उतरला, पण छातीत दुखायला लागलं. सौंदडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पंधरा दिवस पाण्याचं नाव नको. ह्यांनी मान डोलावली. ही मान मी ओळखते. घरी येताना ऑटोतच हे म्हणाले, "पोळा झाला का त्या टोल्यावर तांदूळ पोचवून येतो, पोटं उपाशी हायत."

संध्याकाळी बुचं आली. मी घासायला बसले. एक, दोन करत सहा घासली आणि सातवं हातात घेऊन बसून राहिले. ह्यांना शब्दानं अडवता येत नाही, हे मला लग्नापासून माहीत होतं. पण सात बुचं नसतील तर हा माणूस गाडी पाण्यात घालणार नाही, हेही मला तितकंच पक्कं माहीत होतं. ह्यांच्या शिस्तीवर माझा ह्यांच्यापेक्षा जास्त विश्वास. मी ते बूच रुमालात बांधलं आणि तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली दडवलं. चार दिवस शोधतील, चिडतील, तोवर छातीला आराम पडेल, मग सापडलं म्हणून देईन. असा माझा साधा विचार. सकाळी पाटावर सहाच मांडली आणि त्यांच्यावर फुलांची रास घातली. ह्यांनी लांबूनच हात जोडले.

दुपारी मी आखरावर गेले. पोळा भरतो त्या मैदानाला आमच्याकडे आखर म्हणतात. तोरणाखाली बैल उभे होते, झडत्यांची गाणी चालली होती, डफ आणि ढोल इतके की शेजारचीचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. माझा फोन कमरेच्या बटव्यात वाजत राहिला, मला कळलंच नाही. नंतर पाहिलं, त्यावर ह्यांचे अकरा कॉल होते.

टोल्यावर रेवताला साप चावला होता. रेवता माझी विद्यार्थिनी. चौथीत असताना फ्रॉकच्या ओच्यात मला शिंगाडे आणून द्यायची आणि "मॅडम, सोलून देऊ?" विचारायची. लग्न करून टोल्यावरच दिली होती, पदरात लहान मुली होत्या. बांधीत निंदण काढताना पायाला डसला. टोल्यावरून फोन आला, ह्यांनी पाटावरची फुलं सारून बुचं पिशवीत भरली आणि मोजली. सहा.

पुढचं मला सोमाजीनं सांगितलं, कारण त्या दिवशी गाडीवर उभा राहून आकडे परत म्हणणारा तोच होता. ह्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं. पाट, देव्हारा, न्हाणी, चिंचेच्या पाण्याची घमेली. मग पाच मिनिटं नुसते बसले. मग सागाचा तुकडा तासून त्याला ताग गुंडाळला, राळेत बुडवला आणि सातव्या भोकात हातोड्यानं ठोकला. सोमाजी म्हणाला, "मिस्त्री, आज नोको जाऊ. डोंगा धाडतो." हे म्हणाले, "डोंग्याले पोचून परत याले दीड घंटा लागते. तिच्याजवळ दीड घंटा नाई." आणि खालून आकडे म्हणायला लागले. सहा झाल्यावर थांबले. सातवा आकडा म्हटलाच नाही.

सोमाजीही सोबत गेला. जाताना लाकूड टिकलं. रेवताला घेतलं, तिचा नवरा, सासू आणि आणखी दोघं चढले. परतताना बुडीत झाडाचा खुंट पोटाला घासला आणि लाकूड निघालं. एका भोकाचं पाणी म्हणजे फार नव्हे, धडका पंप असता तर उपसलं असतं. पण तो धडका नव्हता. पाणी इंजिनात गेलं, इंजीन बंद, पंखा बंद, पंप बंद. जेवणाच्या ताटात बोटानं काढून दाखवलं होतं अगदी तसं. गाडी तलावाच्या मध्याला गाळावर बसली, कडा तेवढ्या पाण्याबाहेर. सगळे छातीभर पाण्यात उभे राहिले. ह्यांनी आणि तिच्या नवऱ्यानं रेवताला हातांवर उचलून धरलं. आखरावर ढोल वाजत होते, गाडीतल्यांच्या हाका काठापर्यंत पोचल्याच नाहीत. डोंगे पोचेपर्यंत तास उलटून गेला.

मी काठावर गेले तेव्हा तिला मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं. तिच्या पायाला बांधलेली पट्टी ह्यांच्या दुपट्ट्याची होती. हे थोडे दूर चिखलात बसले होते आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक बूच हरपलं वो. माह्या हातून हरपलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. आजूबाजूला पन्नास माणसं होती, रेवताची सासू छाती पिटत होती. उद्या सांगू म्हटलं. उद्या पोलीस आले, परवा तहसीलचे लोक आले, प्रत्येकाला हे एकच वाक्य सांगत होते. लिहून घेणारे लिहून घेत होते. तेराव्याला रेवताचा नवरा दारात आला, ह्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमी तरी आले." हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता सांगितलं तर ह्या माणसाचं काय होईल? खरं म्हणजे मला वाटलं, माझं काय होईल? भित्री माणसं दुसऱ्याच्या काळजीचं नाव पुढं करतात. मी तशीच आहे.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी बूच कोठीतून काढलं आणि माझ्या लग्नाच्या पेटीत, शालूच्या घडीत खोल घातलं. त्यानंतर मी त्या पेटीला हात लावला नाही. ह्यांनी हत्यारांची पेटी सोमाजीला देऊन टाकली. पुढल्या वर्षी मी बदली मागून घेतली आणि आम्ही मुर्रीला आलो. इथं नळ गळायला लागला तर हे प्लंबर बोलावतात. ज्या हातांनी फौजेचं भंगार तरंगवलं, ते हात वॉशर बदलत नाहीत. पहिल्या वर्षी मी हट्टानं नळ गळता ठेवला, थेंब थेंब ऐकून तरी उठतील म्हणून. हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

टोल्याला जाणाऱ्या पुलाचे खांब पाण्यात उभे आहेत, असं ऐकते. खांबच. त्यांच्यावर बगळे बसतात म्हणे. रेवताच्या मुली आता मोठ्या झाल्या असतील. पावसाळ्यात टोल्यावरचं कुणी आजारी पडलं की पुन्हा डोंगाच. म्हैस कुणाला चालवता आली नाही. ट्रॅक्टर लावून तिला ओढून काढलं आणि काठावर सोडलं, बस्स.

आणि परवा, पोळ्याला दोन दिवस असताना, त्या गावच्या नव्या सरपंचबाई आमच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा. तलावाकाठी बगिचा केलाय, म्हशीला रंग देऊन सिमेंटच्या ओट्यावर चढवलंय, पोळ्याच्या दिवशी उद्घाटन आहे. "मिस्त्रीकाका, शाल-श्रीफळ तुमालेच द्याचं हाय. अन् गाडीचं एखांदं जुनं सामान असंल तर द्या, काचेत ठेवू. पोरं पायतील."

हे बराच वेळ पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "सामान नाई काई. सहा बुचं तिच्याच पोटाले हायत. सातवं मी हरपवलं." आवाज अगदी सरळ. सरपंचबाई ओशाळल्या, चहा न घेताच गेल्या.

त्या वाक्यानं माझा धीर सुटला. इतकी वर्षं गेली आणि तरी हा माणूस परक्या बाईसमोर तेच वाक्य पुन्हा अंगावर घेतो. ठरवलं, आता पुरे. बूच काढून ह्यांच्या हातात ठेवायचं आणि सांगायचं. मारतील तर मारोत, सोडून जातील तर जावोत. निदान ते हात निर्दोष आहेत एवढं तरी त्यांना कळू दे. मी आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. वर सातबाऱ्याचे कागद होते. ते दरवर्षी हेच काढतात, धान विकताना लागतात म्हणून. मी काढत नाही. कागद बाजूला केले, शालू उचलला, घडीत हात घातला.

रुमाल हाताला लागला नाही. हाताला लागला तेलकट कागद.

मी तो उजेडात आणला. राइस मिलमध्ये नवं बेअरिंग गुंडाळून येतं तसा जाड, पिवळट कागद, चारी कोपरे आत दुमडून वर सुतळीची एकच गाठ. अशी गाठ ह्या घरात एकच माणूस मारतो. उघडलं. पितळ जसंच्या तसं झळकत होतं. इतक्या पावसाळ्यांत कळकाचा एक हिरवा ठिपका नाही. आट्यांमध्ये ग्रीस होतं आणि ते वाळलेलं नव्हतं, मऊ होतं, याच वर्षीचं. आतल्या बाजूला जुन्या ग्रीसच्या काळ्या रेघा, वर्षावर वर्ष चढलेल्या.

मी जमिनीवरच बसले. म्हणजे ह्यांना माहीत होतं. कधीपासून? पहिल्या सातबाऱ्यापासून असेल. दरवर्षी पेटी उघडायची, माझ्या शालूतून ते काढायचं, पुसायचं, आट्यांना ग्रीस भरायचं, गुंडाळून जिथल्या तिथं ठेवायचं आणि बाहेर येऊन पुन्हा म्हणायचं, माझ्या हातून हरपलं. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यासाठी लपवत होते. एका छताखाली, एका ताटातलं मीठ खात. मला वाटायचं, सांगितलं की ओझं उतरेल. आता सांगायलाही काही उरलं नव्हतं. ज्या गाडीला ते बूच बसायचं ती सिमेंटवर चढली होती आणि रेवता मोहाखाली राहिली होती. नुसतं पाण्यात उतरायला तयार असलेलं पितळ माझ्या हातात होतं.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "काय शोधून राहिली?"

"पोळ्याचं तोरण," मी म्हणाले. आम्ही मुर्रीला आल्यापासून तोरण लावलेलं नाही.

"सापडलं काय?"

मी कागदाचे कोपरे होते त्या घड्यांवर दुमडले. गाठ मला तशी जमली नाही. "नाही."

"राहू दे मंग," ते म्हणाले.

मी पुडी शालूच्या घडीत परत सरकवली, वर कागद ठेवले, पेटी लावली आणि न्हाणीत जाऊन ग्रीस लागलेले हात धुऊ लागले. पाणी बोटांवरून नुसतं घरंगळत होतं. शेजारच्या अंगणातून चिंचेचा वास येत होता. मी घासत राहिले. केव्हातरी हे दारात येऊन उभे राहिले होते. माझ्या हातांकडे पाहत होते. मग स्वयंपाकघरात गेले, तेलाची वाटी आणून न्हाणीच्या कठड्यावर ठेवली.

"पान्यानं नाई निघत ते," म्हणाले. "आधी तेल लाव."